पावसाळ्यात जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरची एक बाजू गप्प होते तेव्हा

माझ्या माहीमच्या घरात १९७०च्या दशकातला एक जपानी स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. वर्षातले आठ महिने तो विनातक्रार वाजतो आणि पावसाने जोर धरला की त्याची डावी बाजू अबोला धरते. हाच दोष मी गिरगाव, पार्ले ते थेट डोंबिवलीपर्यंत नातेवाइकांच्या आणि स्नेह्यांच्या घरी इतक्या वेळा काढला आहे की, जुलैमध्ये कोणाचा फोन आला आणि "डावा स्पीकर गेला" असे वाक्य कानावर पडले, तर मी आधी स्पीकर गेलेला नाही असेच धरून चालतो. स्पीकर क्वचित जातो. ट्रान्झिस्टरही वाटतो तितक्या सहज जात नाही. जातो तो धातूचा धातूशी असलेला संपर्क, आणि तो बहुतेक वेळा एक पैसाही न खर्चता परत आणता येतो.

लक्षणे

एक बाजू पूर्ण बंद असते किंवा दुसरीपेक्षा स्पष्टपणे मंद आणि चिरकी वाजते. यंत्र सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे ती गप्प राहते आणि यंत्र तापले की आपोआप परत येते. हळू आवाजात ती नसते, पण आवाज मोठा केला की एकदम जिवंत होते, आणि पुन्हा कमी केला तरी काही वेळ टिकून मग विरून जाते. आवाजाचे किंवा बॅलन्सचे बटण फिरवताना खरखर येते. सिलेक्टर (तबकडी, रेडिओ की कॅसेट ते निवडणारा स्विच) जरा हलवला, मागच्या पिना दाबल्या किंवा लाकडी कॅबिनेटवर हलकी थाप दिली की आवाज येतो-जातो. कधी हे सारे केवळ तबकडी लावल्यावर घडते आणि रेडिओ किंवा कॅसेट लावली की दोन्ही बाजू व्यवस्थित असतात.

यांपैकी दोन-तीन लक्षणे जुळत असतील तर पुढचे लिखाण आपल्यासाठी आहे. दोन्ही बाजूंना सारखाच घुमणारा हम्म येत असेल, तर तो आर्थिंगचा किंवा वीजपुरवठ्यातल्या कंडेन्सरचा (विद्युत्भार साठवणाऱ्या भागाचा) वेगळा आजार आहे आणि त्यात येथील उपायांचा उपयोग नाही.

हा दोष मुंबईत आणि तोही पावसाळ्यातच का बळावतो, हे आधी समजून घेतले तर तपासणीचा क्रम आपोआप पटतो. पिना, सॉकेट, स्विच आणि रिले (विजेने आपोआप चालणारा आतला स्विच) यांच्या संपर्कबिंदूंवर तांबे, पितळ, निकेल किंवा चांदी असते. समुद्राच्या हवेतले क्षार दमट दिवसांत या धातूंवर ओलावा धरून ठेवतात आणि गंज वाढवतात. चांदी काळी पडते ती मात्र हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे, आणि खाडीकाठच्या चिखलातून असा वायू बाहेर पडतच असतो. परिणामी संपर्कबिंदूवर एक अतिशय पातळ, वीजरोधक थर बसतो. मोठा व्होल्टेज हा थर फोडून पलीकडे जातो, लहान व्होल्टेजला ते जमत नाही. तबकडीची सुई ज्यात बसवलेली असते त्या मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमधून येणारा संकेत जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो, म्हणून तबकडीचा आवाज सर्वांत आधी जातो. रात्री शेजाऱ्यांचा विचार करून आपण हळू ऐकतो तेव्हा ८ ओहमच्या स्पीकरला एका वॉटचा शंभरावा हिस्साच मिळत असतो, म्हणजे टोकांवर ०.३ व्होल्टहून कमी दाब असतो, आणि काळवंडलेल्या रिलेला तेवढाही अडवता येतो. आवाज वाढवल्यावर बाजू परत येते याचे सगळे रहस्य एवढेच आहे.

बटणे जागेवर आहेत का?

हा प्रश्न विचारताना मला संकोच वाटतो, तरीही तो पहिला विचारावा लागतो. बॅलन्सचे बटण मध्यावर असावे, मोनोचा स्विच बंद असावा, स्पीकर ए आणि बी यांपैकी योग्य तोच निवडलेला असावा आणि टेप मॉनिटर बंद असावा. यांतला टेप मॉनिटर सर्वांत फसवा आहे. जुन्या ॲम्प्लिफायरांत तो संकेताचा मार्ग तोडून तो बाहेरच्या टेपरेकॉर्डरकडे वळवतो आणि तेथून परत घेतो. टेपरेकॉर्डर घरातून गेल्याला वीस वर्षे झालेली असतात, त्यामुळे या स्विचला कोणी हात लावत नाही; आणि ज्या स्विचला कोणी हात लावत नाही त्याचेच संपर्क सर्वाधिक काळे पडतात. गिरगावातल्या एका नातेवाइकांच्या यंत्रात कोणा कारागिराने आउटपुटचे चारही ट्रान्झिस्टर बदलून पैसे घेतले होते आणि दोष मात्र होता तेथेच होता. मी टेप मॉनिटरचे बटण वीस-पंचवीस वेळा दाबले-सोडले आणि उजवी बाजू परत आली. त्या दिवशी मिळालेले पोहे मी आजवरच्या सर्वांत सोप्या कामाच्या मोबदल्यात खाल्ले.

यंत्र बंद करून प्रत्येक बटण आणि स्विच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवणे, हीदेखील फुकटातली दुरुस्ती आहे. फिरताना आतली पट्टी कार्बनच्या किंवा धातूच्या मार्गावर घासली जाते आणि तो पातळ थर काही प्रमाणात खरवडला जातो. यंत्र बंद ठेवण्याचे कारण असे की खराब संपर्क अचानक जुळला तर मोठा धक्का आवाजाच्या रूपाने स्पीकरला बसतो. हेडफोनच्या सॉकेटमध्येही पिन दहा-बारा वेळा घालून काढावी, कारण काही मॉडेलांत हेडफोन लावताच स्पीकर बंद करणारे संपर्क त्याच सॉकेटमध्ये असतात आणि ते एका बाजूला नीट परत जुळत नाहीत.

अदलाबदल: याशिवाय पुढे जाऊ नये

दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्यासाठी मला आजवर अदलाबदलीपेक्षा चांगले साधन सापडलेले नाही. ती करताना प्रत्येक वेळी यंत्र बंद करावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मिळालेल्या उत्तराला अर्थ राहत नाही.

प्रथम ॲम्प्लिफायरच्या मागे स्पीकरच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. आधी डावा स्पीकर गप्प होता आणि आता उजवा गप्प झाला, तर दोन्ही स्पीकर आणि त्यांच्या तारा निर्दोष आहेत व दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे आहे. अदलाबदलीनंतरही डावाच गप्प राहिला, तर ॲम्प्लिफायर सुटला आणि तार किंवा स्पीकर अडकला. अशा वेळी स्पीकर ॲम्प्लिफायरपासून सोडवून त्याच्या टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. 'टक्' असा आवाज आला तर आतली कॉइल शाबूत आहे. सेल टेकवून धरू नये. मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारे उपकरण) असेल तर ८ ओहमच्या स्पीकरचा रोध साधारण ६ ओहमच्या आसपास दिसतो, आणि तो आकडा ८ पेक्षा कमी आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

दुसरी अदलाबदल आत येणाऱ्या पिनांची. ध्वनिस्रोताकडून येणाऱ्या लाल आणि पांढऱ्या आरसीए पिना ॲम्प्लिफायरच्या टोकाला उलटसुलट लावाव्यात. गप्प बाजू बदलली तर दोष केबलमध्ये किंवा स्रोतात आहे, बदलली नाही तर ॲम्प्लिफायरमध्ये. केवळ तबकडीचीच एक बाजू जात असेल तर टर्नटेबलच्या हेडशेलपर्यंत, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या टोकापर्यंत, जावे लागते. तेथे कार्ट्रिजच्या चार पिनांवर चार बारीक तारा असतात: पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. त्या चिमट्याने अलगद काढून, पिना स्वच्छ पुसून परत बसवल्या की बहुतेक वेळा काम भागते. तापलेले सोल्डरिंग आयर्न मात्र कार्ट्रिजच्या पिनांजवळ कधीही नेऊ नये, कारण त्या उष्णतेने आतली केसासारखी तार तुटते आणि मग ते कार्ट्रिज कायमचे जाते.

हेडफोन हीदेखील एक चांगली साक्ष आहे. हेडफोनमध्ये दोन्ही बाजू स्वच्छ ऐकू येत असतील आणि स्पीकरमध्ये एकच, तर शोध स्पीकरचा स्विच, रिले, मागचे टर्मिनल आणि तारा एवढ्यापुरता उरतो. हेडफोनमध्येही एक बाजू नसेल तर मात्र त्यावरून एकदम निष्कर्ष काढू नये, कारण हेडफोनची जोडणी रिलेच्या आधी आहे की नंतर हे मॉडेलागणिक बदलते.

पिना, सॉकेट आणि मागची दोन दुर्लक्षित तारांची वळी

अदलाबदलीने दोष ॲम्प्लिफायरकडे दाखवला तरी झाकण उघडण्याची घाई करू नये. मागचे सॉकेट कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आतून-बाहेरून पुसावेत. काडी काळी किंवा हिरवट निघाली तर आपण योग्य मार्गावर आहोत. पिना सॉकेटमध्ये बसवताना थोड्या फिरवून बसवल्या की उरलेला थरही घासला जातो. स्पीकरच्या तारेचे उघडे टोक काळे किंवा हिरवे झाले असेल तर ते पुसत बसू नये. अर्धा इंच कापून ताजे, चकचकीत तांबे उघडे करावे. त्याचे सुटे तंतू शेजारच्या टर्मिनलला लागणार नाहीत हे डोळ्यांनी नीट पाहावे, कारण त्या एका तंतूने शाबूत ॲम्प्लिफायर जाळलेला मी पाहिला आहे.

आता ज्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही ती गोष्ट. १९७०च्या दशकातल्या अनेक जपानी ॲम्प्लिफायरांच्या मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' असे लिहिलेल्या सॉकेटांच्या दोन जोड्या असतात आणि त्या इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या दोन धातूच्या वळ्यांनी जोडलेल्या असतात. संपूर्ण संकेत या वळ्यांतून जातो. एक वळे डाव्या बाजूचे, एक उजव्या बाजूचे. त्यांतले एक काळवंडले की नेमकी तेवढीच बाजू जाते, आणि लक्षण मात्र आतला एखादा टप्पा जळाल्यासारखेच दिसते. वळी ओढून काढावीत, अल्कोहोलने पुसावीत आणि फिरवत परत बसवावीत. वळे हरवले असेल तर आखूड आरसीए केबलनेही तेच काम होते. माझ्या स्वतःच्या यंत्राचा वार्षिक अबोला दहापैकी सात वेळा येथेच सुटतो.

झाकण उघडल्यावर

येथपर्यंतची प्रत्येक तपासणी बाहेरूनच करायची होती. यापुढची सर्वांसाठी नाही. आपल्या घरातला वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे आणि अनेक यंत्रांत पुढच्या पट्टीवरच्या पॉवर स्विचपर्यंत तो थेट आलेला असतो. त्याखेरीज मोठे कंडेन्सर पिन काढल्यावरही विद्युत्भार धरून ठेवतात. म्हणून यंत्र बंद करणे पुरेसे नाही. पिन भिंतीच्या सॉकेटमधून काढावी, किमान पंधरा मिनिटे थांबावे आणि मल्टिमीटरने मोठ्या कंडेन्सरच्या टोकांवरचा दाब २ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करूनच आत हात घालावा. स्क्रूड्रायव्हरने कंडेन्सर शॉर्ट करण्याची जुनी खोड सोडून द्यावी. मल्टिमीटर वापरता येत नसेल तर झाकण उघडूच नये.

आत फक्त दोनच कामे हौशी माणसाने करावीत असे माझे मत आहे. पहिले म्हणजे कंट्रोल (फिरत्या बटणामागचा आतला भाग) आणि स्विच स्वच्छ करणे. इलेक्ट्रॉनिक्ससाठीच बनवलेला कॉन्टॅक्ट क्लीनर, त्याची बारीक नळी लावून, कंट्रोलच्या टर्मिनलांजवळच्या फटीतून एक-दोन छोट्या फवाऱ्यांत सोडावा, बटण तीस-चाळीस वेळा फिरवावे आणि यंत्र काही तास उघडे ठेवून पूर्ण वाळू द्यावे. बिजागऱ्यांना मारायचा तेलकट गंजनिवारक स्प्रे येथे चालत नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी तो एका बॅलन्स कंट्रोलवर मारला, दोन महिने सारे सुरळीत चालले आणि पुढच्या पावसाळ्यात त्या तेलात मुंबईची धूळ कालवली जाऊन असा काही चिखल झाला की कंट्रोलच बदलावा लागला. क्लीनर बटणाच्या दांडीवरून आत ओतू नये हेही लक्षात ठेवावे, कारण दांडीभोवतीचे घट्ट ग्रीस धुऊन जाते आणि बटण फिरवण्यातली ती जुन्या यंत्रांची जड, मऊ चाल कायमची हरपते.

येथे एक बारकावा सांगायला हवा. कंट्रोल स्वच्छ केल्यावर खरखर गेली आणि चार-आठ दिवसांत परत आली, शिवाय ती बटणाच्या एखाद्याच जागी नसून संपूर्ण फेरीत सारखी येते, तर दोष बहुधा कंट्रोलचा नसतो. आधीच्या टप्प्यातला कपलिंग कंडेन्सर (संकेत पुढे सोडून डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, अडवणारा) गळू लागला की त्यातून डीसी व्होल्टेज कंट्रोलवर येतो, आणि डीसी असलेला स्वच्छ कंट्रोलही खरखरतो. त्यावर कितीही फवारे मारले तरी उपयोग होत नाही. हे काम जाणकाराकडे सोपवावे.

दुसरे काम रिलेचे. यंत्र सुरू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' असा आवाज येतो, तो स्पीकरचे संरक्षण करणाऱ्या रिलेचा असतो. आवाज वाढवल्यावर बाजू परत येणे आणि हेडफोनमध्ये दोष नसणे ही दोन लक्षणे एकत्र आली की माझा संशय सर्वप्रथम त्याच्यावर जातो. रिलेचे पारदर्शक टोपण निघत असेल तर यंत्र बंद स्थितीत, अल्कोहोलने ओली केलेली साध्या कागदाची पट्टी संपर्कांच्या मध्ये घालून, संपर्क बोटाने हलकेच मिटून ती ओढून काढावी. कागद स्वच्छ निघेपर्यंत हे करावे. पॉलिश पेपर किंवा कानस लावण्याचा मोह टाळावा, कारण वरचा चांदीचा मुलामा गेला की रिले काही महिन्यांत पुन्हा काळा पडतो आणि तो कायमचाच. खरे तर ही सफाई तात्पुरतीच असते. संपर्कांवर खड्डे दिसत असतील तर नवा रिले घालणे हाच उपाय. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जुना नग दाखवला की पर्याय मिळतो. मात्र कॉइलचा व्होल्टेज, संपर्कांची क्षमता आणि पायांची मांडणी या तिन्ही गोष्टी जुळल्याच पाहिजेत. सर्किट बोर्डावरून रिले काढणे ज्याने पूर्वी केलेले नाही त्याने पहिला प्रयोग वडिलांच्या ॲम्प्लिफायरवर करू नये.

स्पीकर परत जोडण्यापूर्वी

आत हात घातला असो वा नसो, एक मोजणी मी नेहमी करतो आणि ती बाहेरूनच होते. दोन्ही स्पीकर सोडवून, आवाज शून्यावर ठेवून, यंत्र सुरू करावे आणि दहा मिनिटांनी मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक बाजूच्या टर्मिनलांवर मोजावे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या पुढे गेले तर ते जाणकाराला दाखवावे. आकडा व्होल्टमध्ये असेल तर स्पीकर जोडू नये; तो डीसी कॉइलमधून सतत वाहत राहतो आणि काही वेळातच ती जाळतो. आउटपुटचा ट्रान्झिस्टर खरोखर गेलेला असेल तर तो बहुतेक वेळा येथे उघड होतो, आणि म्हणून ही मोजणी न करता "ट्रान्झिस्टर गेला" असे सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

येथे थांबावे

फ्यूज एकदा उडाला तर त्याच क्षमतेचा नवा घालून पाहावा. दुसराही उडाला तर थांबावे, आणि जाड तार किंवा मोठ्या क्षमतेचा फ्यूज कोणत्याही परिस्थितीत घालू नये. कंडेन्सर वरून फुगलेला किंवा खालून ओला दिसला, जळका वास आला, रिले कधीच 'टक्' करत नसेल, कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पिन काढून ठेवावी आणि कारागीर गाठावा. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरांना आणि रेडिओंना हे सारे अधिक कडकपणे लागू आहे: त्यांच्या आत २५० ते ३५० व्होल्ट डीसी सहज असतो आणि तो प्राणघातक आहे. अशा यंत्रांच्या बाबतीत मी स्वतः पिना आणि सॉकेट पुसण्यापलीकडे जात नाही.

कारागीर निवडताना त्याच्या टेबलावर सिरीज बोर्ड आहे का, हे पाहावे. संशयित यंत्र जुन्या पद्धतीच्या पिवळ्या बल्बमधून मालिकेत जोडून सुरू केले, की आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि बाकीचे भाग वाचतात. जो कारागीर असे यंत्र सरळ भिंतीच्या सॉकेटला लावतो त्याच्या हाती मी जुने यंत्र देत नाही.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत

दोष पुन्हा येऊ नये म्हणून यंत्र वापरात ठेवणे याला पर्याय नाही. आठवड्यातून दोनदा तासभर वाजवले तर आतल्या उष्णतेने ओलावा निघून जातो. महिन्यातून एकदा सर्व बटणे फिरवावीत, टेप मॉनिटरसह. प्लॅस्टिकचे आच्छादन काढून टाकावे आणि सुती कापड घालावे, तेही यंत्र थंड झाल्यावर. ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून यंत्र चार बोटे पुढे ओढावे. काचेच्या बंद कपाटात ठेवायचेच असेल तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा वापराव्यात. एसीच्या खोलीत थंड झालेले यंत्र खिडक्या उघडल्याबरोबर लगेच सुरू करू नये, कारण बाहेरची दमट हवा त्याच्या थंड धातूवर दव धरते; अर्धा तास जाऊ द्यावा.

आणि यंत्र कारागिराकडे द्यावेच लागले तर वरच्या अदलाबदलींचे निकाल एका कागदावर लिहून सोबत द्यावेत: स्पीकर बदलून काय झाले, पिना बदलून काय झाले, हेडफोनमध्ये काय ऐकू आले आणि डीसीचा आकडा दोन्ही बाजूंना किती आला. बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत. गिरगावच्या त्या नातेवाइकांनी ते मागून घेतले होते, आणि काढलेले चारही ट्रान्झिस्टर मी मोजले तेव्हा ते पूर्णपणे शाबूत निघाले. आज ते माझ्या सुट्या भागांच्या डब्यात आहेत.